मंगल, तुलाही दुखायचं

मंगल,

तुझ्या तेराव्याला पंगतीतल्या बायका काय म्हणत होत्या, सांगू? "कुणाला तांब्याभर पाणी मागायची तसदी दिली न्हाई बाई. हूं न्हाई की चूं न्हाई. असं मरण नशीबवानालाच येतं." मी वाढत होते. हातात वरणाची बादली होती. डोळ्यांत पाणी होतं आणि ते खोटं नव्हतं. पण मनात पहिलं जे आलं ते असं, की बघा, मेली तरी हिचंच कौतुक.

एवढी मी वाईट आहे. तुला ते माहीत होतं की नाही, ते आता विचारायची सोय राहिली नाही.

जावा-जावांचं बिनसतं ते दागिन्यावरून, वाटणीवरून, नाहीतर सासू कुणाला जवळ करते त्यावरून. आपलं तसलं काही नव्हतं. तुझी पाटल्यांची जोडी मी माझ्या भाच्याच्या लग्नात घालून मिरवले आहे, माझी पैठणी तू दोनदा नेसलीस. मी तुझा हेवा केला तो तुझ्या न दुखण्याचा. हे वाचून कुणाला हसू येईल. येऊ दे.

तू लग्न होऊन झरीला आलीस तेव्हा मी त्या घरात 'दुखरी' म्हणून नाव कमावून बसले होते. रोज एसटीनं परभणीला शाळेत जायचं, मुलांना शिकवायचं, परत यायचं, चुलीपुढं बसायचं, हे सगळं मी करत होते. पण ते दिवस आले की माझं अंग माझं राहायचं नाही. पोटात कुणी ओली गोधडी पिळल्यासारखं व्हायचं. उलट्या व्हायच्या, मांड्या बधिर पडायच्या. मी आतल्या खोलीत मुटकुळं करून पडायचे आणि कण्हायचे. मोठ्यानं कण्हायचे. मला ते आवरायचंच नाही. बाहेरून सासूबाईंचा आवाज यायचा, ज्यांना आपण दोघी आत्याबाई म्हणायचो: "झालं बाई आमच्या मास्तरणीचं सुरू. जगात हिलाच तेवढी पाळी येतीय."

आणि मग तू आलीस. तुझंही तेच वय, तेच दिवस. पण तू उभी. भाकरी थापतेयस, धुणं पिळतेयस, गुरांना पाणी दाखवतेयस. आत्याबाईंना माप मिळालं. त्या दिवसापासून माझं प्रत्येक दुखणं तुझ्या शेजारी उभं करून मोजलं गेलं.

तुझ्या वैशूच्या जन्माच्या वेळचं आठव. परभणीच्या दवाखान्यात तू ओठ दाताखाली धरून पडली होतीस, आणि ती सिस्टर बाहेर येऊन म्हणाली, "ह्या बाईनं तर आवाजच केला नाही. आम्हाला कळलंच नाही किती जवळ आलंय ते." ते वाक्य आत्याबाईंनी साऱ्या भावकीत फिरवलं. आणि त्याला जोडून माझं: माझ्या बाळंतपणात मी अशी ओरडले होते की वॉर्डातल्या दुसऱ्या बाईला घाम फुटला. लोक हसायचे. मीही हसायचे. हसताना मी तुझ्याकडं बघायचे, की तूही हसतेस का. तू खाली बघून शेंगा फोडत असायचीस. मला वाटायचं, हा हिचा तोरा आहे.

तुला मुतखड्याचं प्रकरण आठवतंय ना? ह्यांच्या पाठीत कळ आली आणि हे अंगणात आडवे झाले. काय ती धावपळ! भाऊजींनी जीप काढली, शेजारच्या दोघांनी उचलून घातलं, आत्याबाई छाती पिटायला लागल्या, घंटाभरात परभणीत इंजेक्शन. मी म्हणाले, "मलाबी असंच होतं दर महिन्याला, मला कुणी जीप न्हाई काढली." आत्याबाई म्हणाल्या, "माणसाला सोसत न्हाई गं. बाईला देवानं सोसायची ताकद देऊनच पाठवलंय." त्यावर तू भांडी घासता घासता, मान वर न करता म्हणालीस, "देवानं ताकद दिली का काम दिलं, ते एकदा इचारून घ्यायला पायजे." आत्याबाईंना ऐकू गेलं नाही. मला गेलं. मी तेव्हा तुला उचलून कवटाळायला पाहिजे होतं. मी काय केलं? मनात म्हटलं, हिला काय जातंय बोलायला, हिला कुठं दुखतंय.

महालक्ष्म्यांच्या गोळ्या आपण सोबत गिळायचो. हे आपल्यासारख्या घरांतल्या बायकांना सांगायला नको. लक्ष्म्या बसायच्या वेळी सोवळ्याचा सैपाक करायला घरात दोन्ही सुना 'चालत्या' पाहिजेत, म्हणून पाळी पुढं ढकलायची गोळी. आत्याबाई ती तीर्थासारखी तळहातावर ठेवायच्या. तू एकदा म्हणालीस, "ताई, लक्ष्मीबी बाईच हाय की. तिला चालत न्हाई, असं तिनं कुणाच्या कानात सांगितलं?" आपण इतक्या हसलो की पुरणात पाणी जास्त झालं. सण उरकला, गोळ्या थांबल्या, की ढकललेलं सगळं दुपटीनं अंगावर यायचं. मी अंथरूण धरायचे. तू पाहुण्यांच्या शिदोऱ्या बांधायचीस. आणि मधेच एक विटेचा तुकडा चुलीत तापवून, फडक्यात गुंडाळून माझ्या पोटावर आणून ठेवायचीस. "गरम हाय बगा, पोळन," म्हणायचीस आणि निघून जायचीस. त्या विटेची ऊब मी विसरले नाही. ती तू दिलीस म्हणून मला ती घ्यायला जड जायची, हेही विसरले नाही.

आता ते सांगते, जे मी कधीच कुणाला सांगितलं नाही.

आपल्या घरचा आमटीचा येसर गावात नावाजलेला. डाळी, गहू, धणे भाजून तू तो मागच्या पडवीतल्या उखळात कुटायचीस, आणि महिन्याच्या महिन्याला ताजा करायचीस. मिक्सर आला, गिरणी शेजारीच होती, तरी तू मुसळ सोडलं नाहीस. आत्याबाई पाहुण्यांना अभिमानानं सांगायच्या, "आमच्या धाकटीला मशिनचं पटतच न्हाई." एका रविवारी माझं सुरू होतं. गरम पाणी घ्यायला मी भिंत धरत धरत मागं आले. धप, धप, आवाज येत होता. दारात पोचले तर तू मुसळ मारतेयस, डोळे मिटलेले, कपाळावरून घाम गळतोय, आणि दोन घावांच्या मधे तुझ्या तोंडातून आवाज येतोय. "आई. आई गं." घाव पडला की आवाज झाकायचा. घाव उचलला की परत.

उखळात काहीच नव्हतं. एक दाणा नव्हता. तू रिकामं उखळ कुटत होतीस.

तुला चाहूल लागली. तू डोळे उघडलेस. मग तू बाजूच्या सुपातले मूठभर धणे उखळात टाकलेस आणि म्हणालीस, "येसर संपत आलाय ताई." मी म्हणाले, "होय, संपत आलाय." आणि पाणी घेऊन परत गेले.

मी घरात हे का सांगितलं नाही? एक शब्द टाकला असता, की आत्याबाई, हिलाही दुखतं, माझ्याइतकंच दुखतं, तर दोघींचंही काही झालं असतं. पण मी आत जाऊन पडले आणि हिशेब केला. तुला दुखत नाही, तोवर ठीक होतं. तुझी माती वेगळी, माझी वेगळी, असं म्हणता येत होतं. पण तुलाही माझ्यासारखंच दुखत असेल आणि तरी तू उभी राहत असशील, तर मी कोण ठरले? खरीच नाटकी ठरले. म्हणून मी गप्प बसले. मला तुझं न दुखणं डाचत होतं, मंगल, पण तुझं दुखणं त्याहून जास्त डाचलं. दुखणं एवढी एकच वस्तू त्या घरात माझ्या नावावर होती. तीही तू माझ्याहून चांगली सांभाळत होतीस.

पुढं आम्ही परभणीला राहायला गेलो, आणि एका उन्हाळ्यात मी झरीला आले होते, तेव्हा गच्चीवर कुरडया घालता घालता मी विषय काढला. आठवतं? मी विचारलं, "तू सांगत कामून न्हाईस गं कुणाला?" तू चीक साच्यात भरत होतीस. म्हणालीस, "सांगून काय व्हायलंय? तुमी सांगितलं, तुमचं काय झालं?"

"निदान पडायला तरी मिळतं."

"तेच तर." तू साचा खाली ठेवलास. "मला तुमचा हेवा वाटतो बगा ताई. कुणी काय बी म्हनो, तुमी पडता. कण्हता. मला तेवढी बी छाती न्हाई. तुमी आदीच त्या खोलीत जाऊन पडलात, मग मी कुठं पडू? घर कोण बघल?"

मला वाटलं, टोमणा मारलास. मी दोन दिवस तुझ्याशी धड बोलले नाही. आता त्या वाक्याचा प्रत्येक शब्द मला खरा वाटतो, आणि उत्तर द्यायला समोर कुणी नाही. पण एक भांडण माझंही बाकी आहे, ते मी सोडणार नाही. तू बोलायला पाहिजे होतंस. तू एकदा, फक्त एकदा, आत्याबाईंसमोर 'आई गं' म्हणाली असतीस, तर त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला असता. तुझ्या गप्प बसण्यानं माझं ओरडणं खोटं पडलं. तू सोसलंस त्याची किंमत मी दिली. आणि मी ओरडले त्याची तू.

माझी पाळी गेली तेव्हा वाटलं, सुटले. तर बोटं धरायला लागली, गुडघे, खांदे. अंगातून गरम वाफा. तुझंही मागोमाग सुरू झालं असणार, तू सांगितलं नाहीस. मग त्या मंगळवारी तू परभणीत आलीस, वैशूच्या कॉलेजच्या कामाला. माझ्याकडं आलीस, जिन्याच्या मधल्या पायरीवर थांबलीस, वर येऊन सोफ्यावर बसलीस. पंखा पुरा केला तरी तुझा घाम थांबत नव्हता. आणि तू ते म्हणालीस, जे इतक्या वर्षांत तुझ्या तोंडून मी ऐकलं नव्हतं.

"ताई, लय दुखायलंय. पाठीत, वर इथं जबड्यात. काल धरून जीव बेजार हाय. तुमच्याजवळ गोळी असन ना?"

माझ्या पर्समध्ये गोळी कायम असते. मी गोळी काढली, पाणी दिलं. आणि मंगल, मला आनंद झाला. तो माझ्या आवाजात होता, तुला नक्की ऐकू आला असेल. मी म्हणाले, "का गं, तुलाबी दुखतं होय? मला वाटलं तुझं अंग दगडाचं हाय."

तू हसलीस. "आपल्याकडच्या उन्हात दगडबी तडकतो, ताई."

मग म्हणालीस, "आलेच हाय तर दवाखान्यात दाखवू का कुठं?"

आणि मी, जिला जन्मभर 'बायकांचं असंच असतं' हे ऐकून चीड यायची, मी म्हणाले, "अगं, पाळी जायच्या दिवसांत असंच होतं. सगळं अंग धरतं. मी नाही का भोगत? सोस की जरा, तुला तर आदत हाय."

तू मान डोलावलीस. चहा घेतलास. चारच्या गाडीनं गेलीस. दुसऱ्या दिवशी सकाळी गॅसपुढं उभी असताना खाली बसलीस, ती उठली नाहीस. दवाखान्यात म्हणाले, हृदय.

तेराव्यानंतर मी माझ्या गुडघ्यांच्या निमित्तानं एका डॉक्टरीणबाईंकडं गेले. खरं तर तुझंच विचारायला गेले होते. 'एका नात्यातल्या बाईला' म्हणून विचारलं. त्या म्हणाल्या, बायकांना बऱ्याचदा दुखणं पुरुषांपेक्षा जास्तच जाणवतं, कमी नाही. अंगातले हार्मोन्स महिन्यात वरखाली होतात तसं दुखणंही वरखाली होतं. तीच सुई एका आठवड्यात नुसती टोचते आणि दुसऱ्या आठवड्यात कळ मस्तकात जाते. पाळी जाताना तर सगळीच घडी विस्कटते. सोसायची वेगळी ताकद वगैरे काही नसतं, गप्प बसायची सवय असते.

हे ऐकून माझ्या मनात आधी काय आलं असेल? आलं, की बघा, मी खोटी नव्हते. तू जाऊन महिना झाला नव्हता आणि मी जिंकल्याचा आनंद घेत होते. मग त्या पुढं म्हणाल्या, "पण म्हणून सगळं पाळीच्या माथी मारायचं नसतं. बायकांना हार्टची कळ दर वेळी छातीतच येते असं नाही. त्या वयातली बाई जबडा म्हणाली, पाठ म्हणाली, दम म्हणाली, तर आधी हृदय बघायचं, मग बाकीचं." मी पर्स मांडीवर घट्ट धरून बसले होते. त्या म्हणाल्या, "तुम्हाला बरं वाटत नाहीये का?" मी म्हणाले, गुडघे दुखतात.

तसंच मुकाट्यानं मी पुढंही जगले असते. मला गप्प बसायची सवय तुझ्यापेक्षा कमी नाही, फक्त माझी दुखण्यातली नाही, बाकी सगळ्यातली आहे. पण गेल्या रविवारी झरीला गेले. तुझी वैशू भाकरी थापत होती. चेहरा पांढराफटक, वरच्या ओठावर घाम, एक हात ओट्याच्या कडेला घट्ट. भाकरी थापायची थांबत होती, परत थापत होती. मी ओळखलं. आत्याबाईंनीही ओळखलं. त्या पाटावरून मला म्हणाल्या, आणि आवाजात केवढा अभिमान, "मंगलची पोर हाय. मरंल, पर हूं करनार न्हाई."

भाऊजी दारात बसले होते. मी कुणाकडं बघितलं नाही.

"आत्याबाई, मंगलला दुखायचं. दर महिन्याला दुखायचं. ती रिकामं उखळ कुटायची. मी बघितलंय."

"मेलेल्या बाईवर आता काय बी—"

"आणि जायच्या आदल्या दिवशी ती माझ्याकडं आली होती. जबडा दुखतोय म्हणाली. दवाखान्यात जाऊ का म्हणाली. मी म्हणाले, सोस."

भाऊजी उठले. चपला न घालताच शेताकडं निघून गेले. तेव्हापासून ते माझ्याशी बोलत नाहीत, आणि बोलावं असं मी कोणत्या तोंडानं म्हणू? आत्याबाई पाटावरून उठल्या, पुन्हा खाली बसल्या. मग म्हणाल्या, "मला कुणी सांगितलं न्हाई." परत तेच म्हणाल्या. त्या रडत होत्या की नाही, मला सांगता येणार नाही.

वैशू वळली. पिठाचे हात तसेच. "काकू, आईला दुखायचं?"

"होय गं."

"माझ्यासारखं?"

"तुझ्यासारखं. माझ्यासारखं."

ती खालीच बसली, आणि मग ओरडली. मंगल, तू अशी कधी ओरडली नसशील. मीही नाही.

मी तिला दुपारच्या एसटीत घातलं. त्याच डॉक्टरीणबाईंकडं न्यायचं ठरवलं, आणि या वेळी 'एका नात्यातल्या बाईला' म्हणायचं नाही, असंही ठरवलं. गाडी भरलेली होती. वैशू माझ्या मांडीवर डोकं ठेवून कण्हत होती. पुढच्या सीटवरची बाई वळून म्हणाली, "काय झालंय पोरीला? ऊन लागलं का?" मी तोंड उघडलं, आणि माझ्या जिभेवर काय आलं माहीत आहे? 'होय, ऊनच लागलंय.' एवढं सगळं झाल्यावरही. पण त्याआधी वैशूनंच मान वर केली.

"ऊन न्हाई मावशी. पाळीचं दुखायलंय. लय दुखायलंय."

भर गाडीत, खणखणीत. कंडक्टर तिकिटं फाडायचा थांबला. दोघा-तिघा बाप्यांना अचानक खिडकीबाहेर बघायचं काम निघालं. ती बाई म्हणाली, "असं का," आणि तिनं पिशवीतून पाण्याची बाटली काढून दिली. वैशूनं ती घेतली, प्याली, परत डोकं ठेवलं आणि परत कण्हायला लागली, जणू काही झालंच नाही.

मी तिच्या केसांतून हात फिरवत होते, आणि मंगल, आत भडका उडाला होता. कुणाच्या मांडीवर असं डोकं टाकायचं, असं उघड तोंडानं सांगायचं, आणि त्यावर कुणी पाणी द्यायचं. मला कधी मिळालं हे? तुला तरी कधी मिळालं? तू शेजारच्या सीटवर असतीस, तर आपण दोघी त्या पोरीवर मिळून जळलो असतो.